बाहेरचं

“आवडीताई, आजपासून तुमचं सगळं आत आलं बरं का!”

सरांनी स्कूटर बंदसुद्धा केली नाही. दुकानाच्या फळीपाशी एक पाय टेकला, एवढं एक वाक्य टाकलं, वर हात केला आणि चवदार तळ्याच्या बाजूनं निघूनही गेले. आवडीच्या मांडीवर शाळेच्या गणवेशाचा सदरा होता आणि तिसरं काज अर्ध्यावर आलं होतं. काज घालताना हात मधेच थांबला तर दोरा सैल पडतो आणि काजाचं तोंड वाकडं होतं. वीस वर्षं ती शिकायला येणाऱ्या पोरींना हेच सांगत आली होती. आज तिचाच हात थांबला. पलीकडे तिचा नवरा मुरारी मशीनवर खाकी कापडावर लांब टीप मारत होता. एकदा मशीन सुरू झालं की त्याला शेजारी बँड वाजला तरी कळत नसे, मग सर आले नि गेले ते काय कळणार! टीप संपल्यावर त्यानं मान वर केली आणि विचारलं, “कोन व्हतं गं?” आवडी म्हणाली, “सर. असंच, सवडीनं बोलू म्हनाले.” खोटं बोलण्याची तिला गरज नव्हती. चार वर्षं दोघांनी मिळून ज्या दिवसाची वाट पाहिली, तोच दिवस दाराशी येऊन ओरडून गेला होता. तरी तिनं तो पदराखाली घेतला, आणि आपण असं का केलं हे तिचं तिलाच कळेना.

आत म्हणजे विमा कंपनीच्या कागदात. चार वर्षांपूर्वी, दोन हजार चार सालच्या जानेवारीत, मुरारीनं दोघांची आजारपणाची पॉलिसी काढली होती. काढून देणारे यज्ञेश्वर सर म्हणजे महाडच्या शाळेतले विज्ञानाचे निवृत्त मास्तर, मुरारीला त्यांनी सातवीत बेडकाचं हृदय फळ्यावर काढून शिकवलेलं. त्यांनी फॉर्मावर आवडीच्या काळजाच्या झडपेचं दुखणं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, आणि कंपनीनं कळवलं, पॉलिसी देतो, पण हे दुखणं आमच्याकडे येण्याआधीचं आहे. त्यासाठी चार वर्षं थांबा. तोवर साप चावला, मलेरिया झाला, घाटात गाडी उलटली तर सगळं आत. ही एक झडप तेवढी बाहेर. चार वर्षं एकही खाडा न करता हप्ता भरत राहा, मग तीही आत घेऊ. ती चार वर्षं काल रात्री पुरी झाली. आता आवडीनं एवढंच म्हणायचं होतं की मला त्रास होतो. आणि त्रास तर दिवाळीपासून होत होता. दिवाळीपासून तिला सपाट झोपता येत नव्हतं. पाठ टेकली की छातीवर कुणी पाट्याचा दगड ठेवल्यासारखं व्हायचं, आणि मुरारी घोरू लागला की ती उठून भिंतीला टेकून बसायची. यातलं ती कुणालाही ताकास तूर लागू देत नव्हती. आज ते सांगून टाकायचं, डॉक्टरीणबाईंकडे जायचं, मुंबईला जाऊन झडप मोकळी करून घ्यायची. न सांगितलं तर ती झडप काही कुणाची भीड धरणार नव्हती. बायका बसल्या बसल्या जातात हे तिला माहीत होतं. इतकं सोपं, इतकं सरळ. पण जीभ उचलेना. लपवण्याचीही सवय लागते, आणि तिला ती काही दिवाळीपासून लागलेली नव्हती.

ती लागली पोलादपूरच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरच्या घाटाखाली, डोंगराच्या पोटात चिकटलेल्या पंधरा घरांच्या वाडीत. आवडी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. आधी घसा धरला, मग ताप, आणि ताप उतरल्यावर एका सकाळी उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. वाडीत कुणी म्हणालं, पडली असेल. दोन दिवसांनी गुडघा आपसूक बरा झाला आणि डावा घोटा सुजला. मग कोपर. मग मनगट. आज इथं, उद्या तिथं. सूज अंगातून अशी फिरत होती की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पोरीच्या अंगात घर शोधत फिरतंय. वाडीला दुसरं काय सुचणार! बाप मुंबईला गोदीत, वर्षातून दोनदा यायचा. आईनं, सुंदराबाईनं, पोरीला पाठुंगळी मारलं आणि हैबती भगताकडे नेलं. हैबतीनं तांदूळ टाकून बघितले आणि सांगितलं, “बाहेरचं हाय.” मग लिंबू, काळा दोरा, भाताचा मुटका, आणि तिन्हीसांजेला तो मुटका वाडीच्या शिवेपलीकडे नेऊन ठेवणं. आवडीला त्यातलं फार आठवत नाही. आठवतो तो आईच्या पाठीचा वास, घामाचा आणि नाचणीच्या पिठाचा, आणि पाठीवरून उलटं दिसणारं आभाळ. सूज गेली. कशीही जाणार होतीच, असं पुढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांधे सोडून ती आत काळजात जाऊन बसली. पण वाडीनं हैबतीला कोंबडा दिला. त्यानंतर चढण आली की आवडीला धाप लागायची. पाण्याच्या हंड्याखाली ओठ निळे पडायचे. एकदा पाणवठ्यावर शेजारीण म्हणाली, “सुंदरे, पोर रोगट निगाली गो तुजी.” सुंदराबाईनं कमरेवरचा हंडा खाली ठेवला, आणि तिचा तो आवाज आवडीला अजून ऐकू येतो. “रोगट नाय माजी पोर! बाहेरचं व्हतं, गेलं. परत रोगट म्हनलीस तर बघ.” वाटेत तिनं आवडीला बजावलं, धाप लागली तर थांबायचं, पण कुणी विचारलं तर पायात काटा मोडला म्हणायचं. आवडीनं त्या वर्षात इतके काटे काढले की वाडीतल्या पोरांना वाटावं, हिच्या पायालाच बाभळ आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मुलीची मूठ तर लग्नापर्यंत झाकलेलीच ठेवायची असते. महाडहून शिंप्याच्या दुकानाचं स्थळ आलं तेव्हा सुंदराबाईनं मुरारीच्या आईला एवढं सांगितलं की पोरीला लहानपणी बाहेरचं झालं होतं, बांधून घेतलंय. सासूनं मान डोलावली. बाहेरचं कुणाला होत नाही? ते होतं आणि जातं. त्यानं मुलीला बट्टा लागत नाही. आजार म्हटलं असतं तर सासू चहाचा कप खाली ठेवून उठली असती. यात सुंदराबाई लबाड होती असं आवडीला कधीच वाटलं नाही, कारण आईला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मुरारी चांगला निघाला. तोंडानं फटकळ, उचलली जीभ की लावली टाळ्याला, पण मनात काही ठेवायचा नाही. लेक सेजल पोटात असताना सातव्या महिन्यापासून आवडीला बसून रात्री काढाव्या लागल्या. सुईण म्हणाली, पोट वर आलंय, आणि सगळ्यांना ते पटलं. मुलगी झाली, नाव मुंबईच्या आत्यानं पाठवलं, पोरगी वाढली, शिकायला त्याच आत्याकडे गेली. पुन्हा दिवस राहिले ते टिकले नाहीत. दुकान चाललं. जून-जुलैत शाळांचे गणवेश, मग गणपती, मग लग्नं. आवडीला वाटत होतं, धाप ही आपल्या अंगाची चाल आहे, जसा कुणाचा आवाज घोगरा असतो. कुणाकडे बोट दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

आणि मग तो फॉर्मचा दिवस. सर फळीवर बसून एकेक रकाना मोठ्यानं वाचायचे. महाडात त्यांची त्यासाठी चेष्टाच व्हायची. बाकीचे एजंट सही घेऊन पाच मिनिटांत मोकळे व्हायचे आणि सर उलटतपासणी घेतल्यासारखे तासभर बसायचे, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं परस्पर पळायची. “यापूर्वीचा काही आजार?” सरांनी विचारलं. “काय नाय सर, ठणठणीत!” मुरारी आवडीकडे न बघताच म्हणाला. सर लिहिणार, तेवढ्यात दुकानाच्या कोपऱ्यात वरीचं गाठोडं सोडत बसलेली सुंदराबाई, जी त्या दिवशी नेमकी पोलादपूरच्या गाडीनं आली होती, आपल्या परीनं मुलीची बाजू भक्कम करायला म्हणाली, “आजार कदीच नाय वो मास्तर तिला. ल्हानपनी बाहेरचं व्हतं तेवडं. ते काय आजारात येत नाय.” मुरारी हसला. दुसरा कुणीही हसला असता, आणि रकान्यात ‘नाही’ लिहून पुढं गेला असता. सर हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “आजी,” ते म्हणाले, “बाहेरचं म्हणजे काय काय व्हायचं?” सुंदराबाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेल्या माणसानं असं विचारलं होतं. ती खुलली. घसा, ताप, गुडघा, घोटा, कोपर, मनगट, सगळं तिनं ओवी म्हणावी तसं ओळीनं सांगितलं, कुठलं आधी, कुठलं मागून, किती दिवस. “आनि मंग?” सरांनी तिच्याच बोलीत विचारलं. “मंग काय नाय. मंग चढनीला जरा धाप.” सर बराच वेळ आवडीकडे बघत होते. तिला आठवतं, तिनं पदर ओठांवर घेतला होता. “मुरारी,” सर म्हणाले, “हा फॉर्म आज भरायचा नाही. आधी हिला डॉक्टर वैदेहींना दाखव.”

पुढचं सगळं झपाझप झालं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा झाला. मग मुंबईला जाऊन काळजाचा फोटो. झडप चिकटून अरुंद झाली होती, अजून फार नाही. गोळ्या घ्यायच्या, दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे तो जुना ताप परत येऊन झडप आणखी खराब करणार नाही, आणि पुढं धाप वाढली तर फुगा घालून ती मोकळी करायची. मुरारीला आधी धक्का बसला आणि मग राग आला, तोही भलत्याच गोष्टीचा. “सर, कशाला लिवताय? कोन बघाय येतंय?” सर शांतपणे म्हणाले, “कुणी येत नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी कागद येतो. आज खोटं लिहिलंस तर त्या दिवशी तो तुझ्या विरुद्ध उभा राहील. आज खरं लिहिलंस तर चार वर्षांनी तुझ्या बाजूनं.” बाजारपेठेत ज्यानं त्यानं मुरारीला वेड्यात काढलं. त्याच पेठेत एकाच्या भावाचा खोटा लिहिलेला कागद पुढं ऐन ऑपरेशनला तसाच विरुद्ध फिरला, तेव्हा ते सगळे गप्प झाले. पण त्या गोष्टीचा आनंद आवडीला झाला नाही. तिला तेव्हा एवढंच कळलं होतं की आपल्याला नाव मिळालं. इतकी वर्षं अंगात जे होतं त्याला नाव आहे, ते दुसऱ्या बायकांनाही होतं, त्यावर इंजेक्शन आहे. त्या रात्री ती जेवायला बसली तेव्हा भात तिला गोड लागला होता.

ही चार वर्षं थांबण्यात गेली असं लोक म्हणतील. आवडीला तसं वाटत नाही. दर एकवीस दिवसांनी दवाखान्यात जायचं, आणि नर्सताई बनुबाई आधी हात चोळून गरम करून घ्यायची, मग सुई. इंजेक्शन दाट, दुखायचं असं की दुसऱ्या दिवशी बसता येऊ नये. “आवडे, तुजं ढुंगन म्हंजे माजं क्यालेंडर गो,” बनुबाई म्हणायची, आणि दोघी हसायच्या. सर दर जानेवारीत आठ दिवस आधी स्कूटरवर दाराशी हजर. पावती हातात पडल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत, म्हणायचे, एक दिवस चुकला तर घड्याळ पहिल्यापासून सुरू होईल. पाच सालच्या जुलैत महाडात पाणी शिरलं तेव्हा दुकानाच्या निम्म्या भिंतीपर्यंत गढूळ पाणी, गणवेशांचं कापड चिखलात, मशीनला गंज. मुरारीनं तिला कापडाचा एक गठ्ठासुद्धा उचलू दिला नाही. “तू वर बस, पंखा घेऊन राणीवानी,” तो छातीभर पाण्यातून ओरडला, वीज गेलेली असताना. तिला तेव्हा हसू आलं होतं आणि रडूही. माळ्यावर बसून खालची धडपड बघताना तिला वाटलं, आपल्यासाठी किती माणसं राबतात. नऊ वर्षांच्या पोरीला पाठीवर घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईपासून सुरू झालेली ही रांग आहे, आणि आपण त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला नुसत्या बसलेल्या. अशा माणसानं कुरकुर करावी तरी कशाची? त्याच दिवशी बहुधा तिनं मनाशी गाठ मारली की आपल्यापायी आता कुणाला आणखी एक पाऊल टाकायला लावायचं नाही.

म्हणून दिवाळीत, करंज्या लाटताना पहिल्यांदा श्वास अडकला, तेव्हा तिनं लाटणं बाजूला ठेवलं आणि खिडकी उघडली, एवढंच. मुदत पुरी व्हायला अडीच महिने होते. तेव्हा सांगितलं असतं तर मुरारीनं दुसऱ्या दिवशी मुंबई गाठली असती, आणि कंपनीचा कागद अडीच महिने कमी म्हणून बाजूला झाला असता. मग दुकान जाणार होतं, पुरानंतर जेमतेम उभं राहिलेलं दुकान, सेजलचं शिक्षण, सगळं. मुरारी विचार करणारा माणूस नव्हे, त्यानं मशीन विकून टाकलं असतं आणि वर हसला असता. तेव्हा आवडीनं स्वतःच्या बुद्धीनं हिशेब मांडला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “धाप?” ती म्हणाली, “नाय.” बाजारातून येताना ती बांगड्यांच्या दुकानाशी थांबायची, मग पुस्तकांच्या, मग उसाच्या गुऱ्हाळाशी; लोकांना वाटायचं, आवडीला अलीकडे बाजार बघायचा नाद लागलाय. हळू बोलायचं, लहान वाक्यं बोलायची, मधेच सुई ओवायची. श्वास असा घ्यायचा की त्याचा आवाज होऊ नये. हे सगळं तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पायात काटा मोडलेली ती पोर अजून तिच्या आत होतीच. आणि आज, सर सांगून गेल्यावर, तिला भीती वाटली ती या पोरीची. ती काही केल्या हात सोडेना. अजून चार दिवस जाऊ देत, ती म्हणत होती. संक्रांतीचे दिवस आहेत, हळदीकुंकू होऊ दे, जूनच्या गणवेशांचं काम होऊ दे. असंच म्हणत म्हणत बायका जातात, आवडीच्या मनात आलं, आणि मग घरातले म्हणतात, कधी बोलली नाही बिचारी. तिनं सुई पुढं घातली. काज वाकडंच झालं होतं.

अकराच्या गाडीनं सुंदराबाई आली. डोक्यावर वरीचं गाठोडं, हातात पिशवीत दोन पडवळं. पासष्टी उलटली तरी बाई स्टँडवरून चालतच यायची, रिक्षावाल्याला वाटेत चार शब्द ऐकवत. ती टेकते न टेकते तोच मुरारीची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली आणि त्यानं मांडीवर हात मारला. “अगं, वीस तारीख! काल चार वर्षं पुरी झाली की! सर त्याच्यासाठीच आलेले ना? आनि तू सांगतेस, सवडीनं बोलू?” तो मशीनवरून उठला, सासूपुढे जाऊन उभा राहिला आणि सरांनी आधी कितीदा म्हटलेलं ते वाक्य त्यानं मोठ्या आनंदानं तिच्या कानात ओरडून सांगितलं. “आये, आवडीचं सगळं आत आलं!”

सुंदराबाईच्या हातातलं पडवळ खाली पडलं.

“काय बोलतो रं मुरारी? आत आलं?” तिचा रंग उडाला. “आवं माज्या देवा! बाहेरचं ते आत आलं? कंदी? कसं? शिवेपार ठेवलं व्हतं मी त्ये माज्या हातानं!” ती उठली, आवडीजवळ आली, आणि तिनं दोन्ही हातांनी लेकीचं तोंड धरलं, डोळे बघितले, मान बघितली, जणू काही कुठून शिरलं ते भोक तिला सापडणार होतं. मुरारीला हसू आवरेना. “आये, तसं नाय, कंपनीच्या कागदात...” पण सुंदराबाईला कंपनी दिसत नव्हती. तिच्या हातांना नाचणीच्या पिठाचा वास होता. “आवडे, खरं सांग गो बाय. धाप लागते?”

चार वर्षांत हे तिला कितीतरी जणांनी विचारलं होतं. नळी कानाला लावून विचारलं होतं, चेहऱ्याकडे बघत विचारलं होतं. पण घाबरून कुणी विचारलं नव्हतं. आवडी त्या म्हाताऱ्या, घाबरलेल्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिला एकदम असं काही कळलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं त्याला बाहेरचं म्हटलं, ते काही लोकांच्या तोंडाला भिऊन नव्हे. आजार म्हटला असता तर तो आवडीचा झाला असता. पोर रोगट, पोर नासकी, पोरीत खोट. बाहेरचं म्हटलं की पोर शाबूत. ते आलं, ते जाईल, त्यात माझ्या लेकीचं काही वाईट नाही. काहीही हातात नसलेल्या एका बाईनं, एका शब्दानं, तिला तीस वर्षं निर्मळ ठेवलं होतं. आणि सरांनी तोच शब्द न हसता उचलला आणि रकान्यात नीट बसवला. दोघांपैकी एकानं जरी दुसरं काही केलं असतं, तर आवडी आज इथं नसती, किंवा असूनही कागदाविना असती. माणसाला एवढं मिळतं, आणि ते मिळालंय हे कळायला अडतीस वर्षं लागतात.

“लागते,” ती म्हणाली. “दिवाळीपासून. झोपता येत नाय. बसून काढते रात्र.”

मुरारीचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. त्यानं मशीनच्या स्टुलावर बसायला बघितलं, बसला नाही. “माज्या शेजारी?” त्यानं शेवटी विचारलं. “माज्या शेजारी बसून?” आवडीनं मान हलवली. “अडीच म्हैने व्हते,” ती म्हणाली. “मदीच सांगितलं आस्तं तर दुकान गेलं आस्तं.” “खड्ड्यात गेलं दुकान!” तो ओरडला, इतक्या जोरात की समोरच्या गल्ल्यावरची माणसं वळून बघायला लागली, आणि लगेच त्यानं तिच्या मांडीवरचा सदरा उचलून घेतला, सुई काढली, दोरा तोडला आणि घडी घातली, असं हळू की जणू तिचंच काही दुखावेल. सुंदराबाई मधेच म्हणाली, “मी म्हनलं नव्हतं? आत आलंच हाय ते.” आणि या वेळी तिला कुणी खोडलं नाही.

मुरारीनं सरांना फोन केला. ते पाच मिनिटांत फाइल घेऊन हजर झाले आणि फळीवर उभ्याउभ्याच त्यांनी सगळं ऐकलं. आवडीला आता दुसरी धाकधूक लागली. “सर, मी लपवलं. आता कागद फिरंल?” सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “दुखणं लिहिलेलं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही लपवलंत ते नवऱ्यापासून आणि डॉक्टरांपासून, आणि त्यासाठी ते दोघं तुम्हाला काय बोलायचं ते बोलतील. डॉक्टर विचारतील तेव्हा कधीपासून ते खरं सांगा. दिवाळीच सांगा. आपण काही चोरलेलं नाही.” मग ते म्हणाले, “पण आवडीताई, मी चार वर्षं थांबा म्हणालो ते कागदासाठी. जिवासाठी नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.” आवडीला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकलं की श्वास अडकत होता, म्हणून तिनं नुसते हात जोडले. तिला आयुष्यात इतकं भरून कधी आलं नव्हतं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर, औषधांच्या दुकानावर. चौघं निघाले, पुढं सुंदराबाई, मग आवडी आणि तिचा दंड धरलेला मुरारी, मागे फाइल घेऊन सर. जिना अरुंद आणि उभा. सहा पायऱ्या आवडी चढली. सातवीवर छाती भरून आली, आणि जुन्या सवयीनं तिचा हात पदर सारखा करायला, भिंतीवरची पाटी वाचायला, पायातलं काहीतरी बघायला निघाला. तिनं तो हात परत आणला आणि कठड्यावर ठेवला.

“थांबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “मला धाप लागली.”

आणि ती पायरीवर बसली. वरून दोन माणसं उतरत होती, ती थांबली. खालून एक बाई लेकरू घेऊन येत होती, ती सरांच्या मागे थांबली. मुरारी एक पायरी खाली तिच्या गुडघ्यांशी बसला. जिन्यात तिच्या श्वासाचा आवाज भरला, खरखरीत, मोठा, आणि तो पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जात होता. वरच्या पायरीवरून सुंदराबाई वळली आणि खाली बघून म्हणाली, “बस गो बाय, बस. डाक्टरीन कुटं पळून जात नाय.” उतरणारा माणूस भिंतीला टेकला. कुणी घाई केली नाही. आवडी सगळ्यांच्या मधे, वाट अडवून, तोंड उघडं टाकून बसली होती आणि हवा तेवढा वेळ श्वास घेत होती.